गुढी, पुस्तक आणि परमुलखातील मूल

मलिहाबादेची ख्याती दोन गोष्टींसाठी आहे : दशहरी आंबा आणि शायर जोश. लखनौनजीकच्या या कसब्यात बसून मराठी बालपुस्तकांची समीक्षा करावी, हे प्रथमदर्शनी विचित्र वाटेल. परंतु लहान मुलांसाठी लिहिलेल्या सणांच्या पुस्तकांची खरी कसोटी पुण्याच्या वाड्यात लागत नाही. ती अशाच ठिकाणी लागते. पुण्याच्या मुलास पाडवा कळण्यासाठी पुस्तकाची गरज नसते. गल्लीतील दर खिडकी त्यास तो शिकवीत असते. येथे निवासस्थानांच्या साऱ्या रांगेत एकच गुढी उभी राहते, आणि ती कशाची हे सांगावयास आईवडिलांखेरीज एक पुस्तकच काय ते असते.

हे पुस्तक काय सांगते? माझ्या पाहण्यात आलेल्या बहुतेक पुस्तकांचा साचा एकच आहे. पहिल्या पानावर प्रभू रामचंद्रांचे अयोध्येस आगमन, दुसऱ्यावर शालिवाहनाचे मातीचे सैनिक, तिसऱ्यावर कडुलिंबाचे आरोग्यदृष्ट्या फायदे, आणि अखेरीस सर्वांनी गोडीगुलाबीने राहावे असा उपदेश. चित्रे सुबक असतात, टंकही मोठा असतो. पण मुलाने न विचारलेल्या प्रश्नांची ही उत्तरे आहेत. त्याने खरोखर विचारलेला प्रश्न निराळाच असतो. शेजारचा सोबती त्यास सांगतो की, चैत्र होळीच्या दुसऱ्याच दिवशी लागला. मग तुमचा चैत्र पंधरवडा उशिरा कसा? आपला महिना अमावास्येस संपतो, उत्तरेकडील महिना पौर्णिमेस संपतो. म्हणून शुक्ल पक्षाचे नाव दोहोंकडे एक, पण कृष्ण पक्षाचे वेगळे. आपली वटपौर्णिमा यावयाच्या आधी पंधरा दिवस, अमावास्येसच, येथील स्त्रिया वडाची पूजा आटोपतात, तेही ज्येष्ठातच! आपण शक मोजतो, ते विक्रम संवत मोजतात. दोहोंत एकशे पस्तीस वर्षांचे अंतर. तरी वर्षप्रतिपदेचा दिवस एकच. त्या दिवशी शेजारी नवरात्राचा कलश बसतो, आपल्या दारी गुढी उभी राहते. एवढे दोन पानांत सांगितले तर मुलास आपला सण चुकीचा वाटणार नाही आणि शेजाऱ्याचाही वाटणार नाही. पण पुस्तक येथे मौन पाळते. आपला वाचक महाराष्ट्राबाहेर राहत असेल, ही शंकाच लेखकाच्या मनास शिवलेली नसते.

सण पुस्तकातून मुलापर्यंत पोचविताच येत नाही, असे मात्र नव्हे. त्याचे दोन उत्तम दाखले एकाच वर्षाचे, १९३३ चे, आहेत. त्या वर्षी साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली, आणि त्याच वर्षी प्रेमचंदांची ‘ईदगाह’ ही हिंदी कथा प्रसिद्ध झाली. लखनौस ‘माधुरी’चे संपादन केलेल्या प्रेमचंदांना हा मुलूख परका नव्हता. ‘ईदगाह’मध्ये ईद म्हणजे काय, याचे निरूपण नाही. खिशात तीन पैसे असलेला लहानगा हमीद आहे, जत्रेतील खेळणी आहेत, आणि पोळ्या भाजताना आजीची बोटे पोळतात म्हणून त्याने घेतलेला चिमटा आहे. कथा वाचून झाल्यावर ईद कळलेली असते. ‘श्यामची आई’तील सावित्रीव्रताच्या प्रसंगातही व्रताचे माहात्म्य दुय्यम आहे. आई आजाराने क्षीण झालेली, वडाच्या प्रदक्षिणा तिच्याने होत नाहीत, त्या श्यामने घालावयाच्या. आणि बायकांचे काम करताना पाहून मुले हसतील म्हणून श्याम लाजतो. त्या लाजेतून पार पडल्यावर व्रत त्याचे स्वतःचे होते.

या दोन कृतींतही भेद आहे, आणि तो सांगितला पाहिजे. प्रेमचंद कथेचा अर्थ बव्हंशी चिमट्यावर सोपवितात. गुरुजींचा श्याम मोठा होऊन मित्रांना आठवणी सांगत असल्याने प्रसंगाला उपदेशाची जोड मिळते, आणि अश्रू कधीकधी प्रसंगाच्या पुढे धावतात. पाच वर्षांच्या मुलास तो भाग वाचून दाखविताना आईने थोडा वगळला, तर गुरुजींचा अपमान होणार नाही. पण दोघांनीही जाणलेले मर्म एकच : मूल सणात शिरते ते हातांनी, कानांनी नव्हे. आपल्या जुन्या बायकांनाही हे ठाऊक होते. कहाणी ऐकताना मुलाच्या मुठीत अक्षता दिल्या जात. गोष्ट संपेपर्यंत ती मूठ सांभाळणे हेच त्याचे व्रत असे.

म्हणून पाडव्याचे चांगले पुस्तक मुलास आधी एखादे काम देईल, मग कथा सांगेल. मलिहाबादेत तर कामाला तोटा नाही. आंब्याचा डहाळा येथे विकत आणावा लागत नाही, तो मागावा लागतो. आणि बागवानाकडे तो मागावयास मुलानेच जावे. मोहोर गळून तेव्हा बारीक कैऱ्या धरलेल्या असतात. येथील लोक त्यांना ‘अमिया’ म्हणतात. त्यांचीच पुढे आपल्या चैत्रगौरीची डाळ होते. निंब रस्त्याकडेला आहे. साखरेची गाठी न मिळाल्यास बत्ताशांची माळ ओवता येते. डहाळा कशाला, असे बागवान विचारील तेव्हा मुलाने त्यास आपल्या शब्दांत, बहुधा हिंदीत, उत्तर द्यावे. ते उत्तर देण्याइतके बळ ज्या पुस्तकाने त्यास दिले, ते पुस्तक चांगले. शालिवाहनाचे सैनिक पुढच्या वर्षी आले तरी चालतील.

बदलीवर फिरणाऱ्या आपणा मंडळींच्या दृष्टीने हा केवळ रुचीचा प्रश्न नाही. माहिती म्हणून मिळालेला सण मूल परीक्षेतील उत्तराप्रमाणे लिहिते आणि विसरते. पुढे त्याची बदली आणखी दूर होईल, तेथे कदाचित आंबाही नसेल. त्या वेळी खिडकीत काठी उभी करावी असे त्यास वाटेल की नाही, हे आज त्याच्या हातात कोणते पुस्तक आहे, आणि त्या पुस्तकाने त्यास घराबाहेर कोठवर धाडले, यावर पुष्कळसे अवलंबून आहे. प्रकाशकांनी सुबक चित्रे अवश्य द्यावीत. पण एका चित्रात तरी, दहा परक्या दारांमध्ये उभी असलेली एकुलती एक गुढी दाखवावी. आपली मुले ती तत्काळ ओळखतील.