धडा, कडता आणि वजाबाकी

रिकाम्या भांड्याचे वजन करा, पदार्थासह पुन्हा करा आणि वजाबाकी करा. प्रयोगाच्या सूचनांत या विषयाला साधारणपणे एवढीच जागा मिळते. आमच्या मते ती फार तोकडी आहे. लातूर वा नांदेडच्या मोंढ्यात सोयाबीनचे पोते काट्यावर चढते तेव्हा शेतकऱ्याचा पैसा याच वजाबाकीवर अवलंबून असतो, आणि त्या घरांतली मुले आपल्याच वर्गात बसलेली असतात.

बारदान्यापोटी ठोक वजन कापणे म्हणजे कडता. 50 किलो धान्याच्या तागाच्या पोत्याचे भारतीय मानकानुसार वजन 580 ग्रॅम. समजा, पोत्यामागे 1 किलो कडता धरला, तर 420 ग्रॅम माल फुकट जातो. 50 पोत्यांमागे 21 किलो! प्लास्टिकचे विणलेले पोते तर याहून पुष्कळ हलके. उलट, भिजलेला ताग जड होतो, तेव्हा नुकसान घेणाऱ्याचेही होऊ शकते. त्यातच बारदाना, ओलावा आणि काडीकचरा एकाच आकड्यात कोंबला, की कशापोटी किती गेले हे कोणालाच सांगता येत नाही. याला मापन म्हणणे कठीण आहे.

तेल तोलताना जुने दुकानदार भांड्याचा धडा करीत: एका पारड्यात रिकामे भांडे, दुसऱ्यात त्याला तोलतील इतके खडे. रीत चांगलीच, पण तिची मर्यादाही शिकवायला हवी. धड्याने भांड्याचे वजन जाते, पारड्यांतला फरकही जातो. दांडीच्या भुजा असमान असल्या तर ती चूक मात्र राहतेच. तेलाकडची भुजा 20 सेंमी आणि मापाकडची 19 सेंमी असेल, तर धडा केलेला असूनही 950 ग्रॅम तेल 1000 ग्रॅमच्या मापाला बरोबर तोलते. अठराव्या शतकातील फ्रेंच शास्त्रज्ञ बोर्दा यांच्या नावाने ओळखला जाणारा इलाज साधा आहे: तोल साधल्यावर माल काढावा आणि त्याच पारड्यात मापे ठेवून तोल पुन्हा साधावा. फूटपट्टी आणि दोन डब्या घेऊन हे एका तासिकेत दाखवता येते.

इलेक्ट्रॉनिक काट्यावरची ‘टेअर’ कळ भांड्याचा आकडा लक्षात ठेवून वजा करते, एवढेच. तिने काट्याची क्षमता वाढत नाही. 5 किलोच्या काट्यावर 1 किलोचे पातेले ठेवून शून्य केले, तरी पुढे 4 किलोच तोलता येतात. पातेले उचलताच काटा उणे 1 किलो दाखवतो. तो आकडा कुठून आला, हे सातवीच्या मुलांना जरूर विचारावे.