बंदिवान, हस्तलिखित आणि नागरी हक्क : एक चिकित्सा

प्रस्तावना :
मराठीतील कारागृहीय लेखनाची परंपरा समृद्ध आहे. मंडालेच्या तुरुंगात लोकमान्य टिळकांनी 'गीतारहस्य' लिहिले. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली व ती साने गुरुजींनी टिपून घेतली. 'श्यामची आई' नाशिकच्या तुरुंगात आकारास आली. वऱ्हाडही या इतिहासापासून अलिप्त नाही. टिळकांना १९०८ मध्ये शिक्षा झाल्यावर प्रिव्ही कौन्सिलकडे दाद मागण्यासाठी अमरावतीचे वकील दादासाहेब खापर्डे इंग्लंडला गेले. १९४२ मध्ये राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांना नागपूर व रायपूरच्या तुरुंगात ठेवण्यात आले. आपली समीक्षा या लेखनाकडे त्यागाची साक्ष म्हणून पाहते. परंतु बंदिवानाला लिहिण्याचा, वाचण्याचा व दाद मागण्याचा हक्क असतो की ती शासनाने दाखविलेली कृपा असते, हा प्रश्न तिने क्वचितच विचारला. प्रस्तुत लेखात या प्रश्नाची चिकित्सा केली आहे.

संझगिरी खटला :
टिळकांची १९१४ मध्ये सुटका झाली तेव्हा 'गीतारहस्या'चे हस्तलिखित सरकारने ठेवून घेतले व नंतर परत केले. ते परत मिळाले नसते तर कोणत्या हक्काच्या आधारे मागावयाचे, याला त्या काळी उत्तर नव्हते. हाच प्रसंग स्वतंत्र भारतात पुन्हा उद्भवला. भारत संरक्षण नियमांखाली मुंबईत स्थानबद्ध असलेल्या प्रभाकर पांडुरंग संझगिरी यांनी अणूच्या अंतरंगाविषयी मराठीत एक शास्त्रीय पुस्तक लिहिले. हस्तलिखित प्रकाशनासाठी बाहेर पाठविण्यास शासनाने नकार दिला. उच्च न्यायालयाने संझगिरींच्या बाजूने कौल दिला आणि १९६५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शासनाचे अपील फेटाळले.

नियमांत लिहिलेल्या सवलती तेवढ्याच स्थानबद्धाला मिळतात, असे शासनाचे म्हणणे होते. न्यायालयाने ते मान्य केले नाही. हा युक्तिवाद स्वीकारला तर अन्न देण्याची अट नियमांत नसल्यास बंदिवानाला उपाशी मारणेही कायदेशीर ठरेल, असे न्यायमूर्तींनी दाखवून दिले. स्थानबद्धतेने जेवढे स्वातंत्र्य कायद्याने काढून घेतले जाते, तेवढेच जाते. उरलेले नागरिकत्व शाबूत राहते, हे या निर्णयाचे सार होय.

निर्णयाच्या मर्यादा :
या निर्णयाचे महत्त्व मान्य करूनही त्याच्या दोन मर्यादा नोंदविणे आवश्यक आहे. पहिली अशी की, हा विजय नियमाच्या अभावावर उभा आहे. प्रकाशनास मनाई करणारा नियम नव्हता, म्हणून मनाई बेकायदेशीर ठरली. उद्या तसा नियम केला तर काय, हा प्रश्न शिल्लक राहिला. दुसरी अशी की, पुस्तक निव्वळ शास्त्रीय असल्याने ते निरुपद्रवी आहे, या बाबीचा न्यायालयाने आधार घेतला. शासनाला न रुचणाऱ्या लेखनाची कसोटी येथे लागलीच नाही.

पुढील दशकात ही भूमिका विस्तारली. केवळ शिक्षा झाली म्हणून कैदी सर्व मूलभूत हक्कांना मुकत नाही, असे १९७४ मध्ये न्या. य. वि. चंद्रचूड यांनी भुवन मोहन पटनायक प्रकरणात म्हटले. १९७८ च्या सुनील बत्रा निर्णयाने तुरुंगातील वागणूक घटनेच्या कक्षेत आणली. त्याच वर्षी होसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात मोफत कायदेशीर साहाय्याचा हक्क अधोरेखित झाला. १९८३ मध्ये पत्रकार शीला बारसे यांच्या पत्रावरून पोलीस कोठडीतील स्त्रियांच्या संरक्षणाचे निर्देश महाराष्ट्र शासनास देण्यात आले.

न लिहिणारा बंदिवान :
या वाटचालीत एक विसंगती जाणवते. हक्क प्रथम मिळाला तो लिहिता येणाऱ्याला. अमरावतीच्या मध्यवर्ती अथवा अकोल्याच्या जिल्हा कारागृहातील जो कच्चा कैदी जामीनदार उभा करू शकत नाही, त्याचे हस्तलिखित कोणी अडवीत नाही, कारण ते नसतेच. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम ६२(५) नुसार तुरुंगात असलेल्याला मतदान करता येत नाही. प्रतिबंधक स्थानबद्धतेतील व्यक्ती मात्र यास अपवाद आहे. म्हणजे शिक्षा होऊन जामिनावर सुटलेला मत देऊ शकतो आणि अद्याप दोषी न ठरलेला गरीब मात्र देऊ शकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये ही तरतूद वैध ठरविली. येथे नागरिकत्व अपराधाने नव्हे, तर ऐपतीने मोजले जाते, असे खेदाने म्हणावे लागते.

वऱ्हाडात हा प्रश्न फासेपारध्यांच्या तांड्याशी जाऊन भिडतो. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मालाच गुन्हा ठरविले. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण त्याची छाया तुरुंगांच्या नियमपुस्तिकांत राहिली. सुकन्या शांता यांच्या याचिकेवर ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने जातीवर आधारित कामवाटप घटनाबाह्य ठरविले आणि कैद्यांच्या नोंदवहीतील जातीचा रकाना काढण्याचा आदेश दिला. पित्याने १९७४ मध्ये मांडलेले तत्त्व पुत्राच्या निर्णयात अशा रीतीने शेवटच्या रकान्यापर्यंत पोहोचले.

निष्कर्ष :
तत्त्व पोहोचले म्हणजे माणूस पोहोचला असे नव्हे. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ नुसार, पूर्वी कधीही दोषी न ठरलेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेचा एक-तृतीयांश काळ तुरुंगात काढल्यास तो सुटकेस पात्र ठरतो. देहदंड किंवा जन्मठेपेचे गुन्हे आणि एकाहून अधिक प्रलंबित प्रकरणे यांना ही तरतूद लागू नाही. न्यायालयाकडे अर्ज करण्याची जबाबदारी कारागृह अधीक्षकांवर आहे. तथापि दिवस मोजणारा, अर्ज वाचून दाखविणारा कोणीतरी हवा. येथे महाविद्यालयांचा संबंध येतो. मराठीच्या वर्गात 'गीतारहस्या'च्या शेजारी संझगिरी निर्णय वाचला जावा आणि विधी महाविद्यालयांच्या साहाय्य केंद्रांनी अकोला-अमरावतीच्या कारागृहांची वाट नियमित धरावी. खापर्डे एका थोर बंदिवानासाठी विलायतेपर्यंत गेले. आपल्याला तर आपल्याच गावातील कारागृहाच्या दारापर्यंत जावयाचे आहे.