न दिसलेला वाघ : प्रवासलेखनातील अपेक्षाभंगाचा विचार

१

मराठी प्रवासवर्णनाच्या समीक्षेत ‘अनुभव’ हा शब्द जितक्या वेळा येतो तितक्या वेळा ‘अपेक्षा’ हा शब्द येत नाही. लेखकाने स्थळ कसे पाहिले याची चर्चा होते; ते पाहण्यापूर्वी त्याच्या मनात कोणते स्थळ होते याची होत नाही. वस्तुतः कोणताही प्रवासी रित्या मनाने कुठे पोहोचत नाही. ऐकीव वर्णने, छायाचित्रे, पूर्वी वाचलेली पुस्तके आणि परतून आलेल्यांच्या गप्पा यांतून त्या स्थळाची एक संहिता त्याच्यापाशी आधीच तयार असते. प्रत्यक्ष स्थळ तिच्याशी जुळले नाही की अपेक्षाभंग होतो. हा अपेक्षाभंग केवळ एक नाराजीचा क्षण म्हणून सोडून द्यावा, की प्रवासलेखनाच्या मूल्यमापनाचा एक निकष म्हणून त्याचा विचार व्हावा, हा येथील प्रश्न आहे. त्यासाठी चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांच्या अरण्यप्रदेशाचे उदाहरण विशेष उपयोगी पडते. कारण या प्रदेशाविषयी उर्वरित महाराष्ट्राच्या मनात पाहण्याआधीच फार काही लिहून ठेवलेले असते.

हान्स रॉबर्ट याउस या जर्मन अभ्यासकाने १९६७ मध्ये कॉन्स्टान्झ विद्यापीठात दिलेल्या व्याख्यानात ‘अपेक्षाक्षितिजा’ची संकल्पना मांडली. वाचक पूर्वी वाचलेल्या साहित्याने घडवलेले एक क्षितिज घेऊन नव्या कृतीकडे येतो. ती कृती त्या क्षितिजाच्या आतच राहिली तर ती रंजन करून संपते. ती त्याला छेद देऊन ते बदलावयास लावते तेव्हा तिचे वाङ्मयीन मोल जाणवते. ही मांडणी प्रवासलेखनाला लावताना मात्र एक भेद विसरता येणार नाही. साहित्यकृती वाचकासाठी रचलेली असते. अरण्य प्रवाशासाठी रचलेले नसते. ते त्याचे काही देणे लागत नाही. त्यामुळे स्थळाने निराश केले, हे विधान मुळात स्थळाविषयीचे नसतेच. ते पाहणाऱ्याने सोबत आणलेल्या संहितेविषयीचे असते. चांगला प्रवासलेखक हे ओळखतो आणि ती संहिताच तपासावयास घेतो. सामान्य लेखक स्थळाला गुण देतो किंवा त्याचे गुण कापतो.

मराठीतील एका अव्वल प्रवासवृत्ताची सुरुवातच फसलेल्या अपेक्षेत आहे, ही गोष्ट येथे आठवावी. विष्णुभट गोडसे वरसईहून उत्तरेकडे निघाले ते बायजाबाई शिंदे यांच्या यज्ञात दक्षिणा मिळेल या आशेने. वाटेत १८५७ चा उठाव उभा राहिला. दक्षिणेऐवजी लूट, भीती आणि झाशीचा पाडाव त्यांच्या वाट्यास आला. घरी नेता आली ती गंगेची कावड. १९०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘माझा प्रवास’चे सामर्थ्य असे की, निघण्याचा हेतू गोडसे लपवीत नाहीत. द्रव्याची अपेक्षा आणि समोर आलेला इतिहास यांतील अंतर ते उघडे ठेवतात. पुढील काळातील मराठी प्रवासवर्णनाने हे अंतर बहुधा विनोदाकडे सोपवले. पु. ल. देशपांडे यांच्या ‘अपूर्वाई’ने (१९६०) त्याची एक प्रसन्न रीत घालून दिली, पण अनुकरण करणाऱ्यांच्या हाती विनोद हा अपेक्षाभंगाचा शोध न राहता त्यावरचे पांघरूण झाला.

२

पर्यटनाची भाषा ही मुख्यतः उपमेची भाषा आहे. वैनगंगेच्या काठी, चामोर्शी तालुक्यात असलेल्या मार्कंडा येथील मंदिरसमूहाला ‘विदर्भाचे खजुराहो’ म्हटले जाते. ही उपमा गौरवासाठी योजलेली असली तरी अपेक्षाभंगाची बीजे तिच्यातच आहेत. संस्कृत काव्यशास्त्राने उपमेविषयी एक मार्मिक गोष्ट सांगून ठेवली आहे : साधारण धर्म उपमानात अधिक प्रसिद्ध, अधिक उत्कट असावा लागतो. मुख चंद्रासारखे म्हणावयाचे तर चंद्र हा मुखापेक्षा सिद्ध असला पाहिजे. म्हणजे उपमेत उपमेय नियमानेच उणे असते. मार्कंड्याला खजुराहो म्हटले की मार्कंडा पाहण्यापूर्वीच हरतो. तेथे येणारा प्रवासी खजुराहोची संख्या, खजुराहोचा विस्तार आणि खजुराहोची मिथुनशिल्पे शोधू लागतो. दक्षिणेकडे वाहणारी वैनगंगा या ठिकाणी वळण घेऊन उत्तरवाहिनी होते, आणि तीर्थ म्हणून या जागेचे महत्त्व त्या वळणात आहे, ही गोष्ट त्याच्या नजरेतून निसटते. महाशिवरात्रीला येथे जमणाऱ्या यात्रेकरूला ती सांगावी लागत नाही. त्याने खजुराहोचे नावही कदाचित ऐकलेले नसते, म्हणून त्याचा अपेक्षाभंगही होत नाही.

भामरागडच्या बाबतीत हेच वेगळ्या प्रकारे घडते. व्हेरियर एल्विन यांनी १९४७ मध्ये बस्तरच्या मुरिया समाजातील घोटुलावर ग्रंथ लिहिला. त्या ग्रंथाची, किंवा त्याच्याविषयीच्या ऐकीव गोष्टींची, छाया अंगावर घेऊन माणसे माडियांच्या गावात येतात आणि तेथील गोटुलात मुरियांचे घोटुल शोधतात. गावाची बैठक जेथे भरते, पाहुणा जेथे उतरतो, अशी ती जागा पाहून त्यांना ‘आता पूर्वीचे काही उरले नाही’ असे वाटते. जे त्या ठिकाणी नव्हतेच ते हरवल्याची खंत अशा लेखांतून व्यक्त होते. वास्तविक एका जमातीच्या वर्णनाने दुसऱ्या जमातीकडे पाहिल्याचा तो परिणाम असतो.

उपमा नेहमी गौरवाचीच असते असेही नाही. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला, आणि नोकरदार वर्गाच्या बोलण्यात त्याला लवकरच ‘काळे पाणी’ हे उपमान मिळाले. तेथील बदली ही शिक्षा मानली जाऊ लागली. भयाची अपेक्षा घेऊन गेलेल्या माणसाला आठवडी बाजार, शाळा, धानाच्या बांध्या आणि पावसाळ्यात तुटणारे रस्ते दिसतात. हाही अपेक्षाभंगच, पण तो सुखद असल्यामुळे लेखक त्याची चिकित्सा करीत नाही, उलट त्याला ‘अनपेक्षित आनंद’ म्हणून मोकळा होतो. स्वर्ग आणि काळे पाणी ही दोन्ही उपमाने बाहेरून आलेली आहेत, हे त्याच्या ध्यानात येत नाही. सुरजागडच्या लोहखनिजामुळे अलीकडे ‘पोलादाचे केंद्र’ हे तिसरे उपमान या जिल्ह्याला चिकटू लागले आहे.

उपमेच्या या कोंडीतून सुटण्याच्या दोन वाटा काव्यशास्त्रातच दाखवलेल्या आहेत. एक व्यतिरेक, ज्यात उपमेय उपमानाहून सरस ठरते. स्थानिक अभिमानाचे लेखन बहुधा याच वाटेने जाते. परंतु व्यतिरेकालाही मोजण्यासाठी उपमान लागतेच. दुसरी वाट अनन्वयाची. वस्तूला तिच्यासारखी तीच, असे म्हणण्यापर्यंत पोहोचणे. प्रवासलेखनातील अपेक्षाभंगाचे वाङ्मयीन मोल या प्रवासात आहे. तो लेखकाला उपमेतून बाहेर काढून अनन्वयाकडे नेतो का, हे पाहिले पाहिजे.

३

ताडोबा हे याचे सर्वांत बोलके उदाहरण. १९५५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालेले ताडोबा आणि १९८६ मध्ये घोषित झालेले अंधारी अभयारण्य मिळून १९९५ मध्ये व्याघ्रप्रकल्प झाला. त्यानंतरच्या तीन दशकांत जंगल-सहलीच्या मराठी लेखाचा एक ठरीव आकृतिबंध तयार झालेला दिसतो. पहाटेचा अंधार, मोहर्लीचे किंवा कोलाऱ्याचे प्रवेशद्वार, उघडी जिप्सी, गाइडने टिपलेला चितळाचा किंवा वानराचा ‘कॉल’, पाणवठ्यावरची प्रतीक्षा, आणि सर्वांनी आशा सोडली असताना शेवटच्या क्षणी झालेले ‘व्याघ्रदर्शन’. ज्या फेरीत वाघ दिसत नाही तिच्यावर सहसा लेख लिहिला जात नाही. त्यामुळे छापील मराठीतील ताडोबात वाघ हमखास दिसतो, आणि तो वाचून जाणारा वाचक हमखास निराश होण्याच्या तयारीने जातो.

या लेखांतील ‘दर्शन’ हा शब्द थांबून पाहण्याजोगा आहे. तो तीर्थयात्रेच्या भाषेतून आला आहे. पण यात्रेच्या परंपरेने न पोहोचणाऱ्याचाही विचार केलेला असतो. पंढरीच्या गाभाऱ्यापर्यंत ज्याला जाता येत नाही तो कळसाचे दर्शन घेतो आणि त्याची वारी पुरी होते. जिप्सीतल्या प्रवाशाने दर्शन हा शब्द घेतला, कळस मात्र घेतला नाही. मातीत उमटलेला माग, झाडाच्या खोडावर नखांनी ओढलेल्या रेघा, सांबराचा अचानक उठलेला आवाज हे सर्व त्या अरण्याचे कळसच आहेत. परंतु लेखात ते केवळ उत्कंठा वाढवण्याच्या कामी येतात, आणि वाघ न दिसल्यास निरर्थक ठरतात. प्रवेशद्वारापाशी परस्परांना विचारला जाणारा ‘सायटिंग झाले का?’ हा प्रश्न त्या दृष्टीने अधिक प्रामाणिक म्हणावा लागेल. त्यात भक्तीचा आव नाही. केवळ हिशेब आहे.

या आकृतिबंधात काय बसत नाही हेही पाहावे. चंद्रपूरहून मोहर्लीकडे जाताना वीज केंद्राचा परिसर आणि पद्मापूरची कोळशाची खाण लागते. बहुसंख्य लेखांत हा रस्ता नसतो. लेख प्रवेशद्वारापासून सुरू होतो. मातीचे काळपट डोंगर मागे टाकून हिरव्यात शिरणे हा या भूमीचा खरा अनुभव आहे, आणि मुंबई-पुण्याच्या घरातील दिव्याचा या खाणीशी संबंध आहे. तो वगळल्याने अपेक्षा शाबूत राहते, स्थळ मात्र अर्धे होते.

४

अपेक्षाभंगाचा प्रश्न येथवर केवळ पाहणाऱ्याच्या बाजूने मांडला गेला. त्याची दुसरी बाजू लक्षात घेतली की प्रश्नाचे स्वरूपच पालटते. उन्हाळ्यात वाघ अधिक दिसतात, कारण पाणी आटते आणि जनावरे उरलेल्या पाणवठ्यांभोवती बांधली जातात. पर्यटकाच्या दृष्टीने तोच उत्तम हंगाम. त्याच महिन्यांत आसपासच्या गावांतील स्त्रिया-पुरुष मोहफुले वेचावयास आणि तेंदूपाने तोडावयास पहाटेच रानात जातात, आणि वाघाच्या हल्ल्यात चंद्रपूर जिल्ह्यात दरवर्षी माणसे दगावतात. ‘आज वाघ दिसला नाही’ हे वाक्य जिप्सीतून उतरणारा प्रवासी उच्चारतो तेव्हा तो अपेक्षाभंग असतो. तेच वाक्य मोहाची टोपली घेऊन परतणारी स्त्री उच्चारते तेव्हा ते कुशल असते. एकाच अरण्यात, एकाच पहाटे, एकाच शब्दांत दोन परस्परविरुद्ध अर्थ नांदतात. मराठी प्रवासलेखनाने यांपैकी एकच अर्थ छापला आहे.

ताडोबा हे नावच या दुसऱ्या अर्थाची खूण आहे. लोककथेप्रमाणे तारू हा गावप्रमुख या तळ्याकाठी वाघाशी झुंजताना मारला गेला आणि लोकांनी त्याला देव केले. तळ्याकाठी त्याचे स्थान आहे. पौषात तेथे आदिवासींची यात्रा भरत आली आहे. म्हणजे ज्याला वाघ भेटला त्याच्या नावाने हे अरण्य ओळखले जाते, आणि त्या भेटीचा शेवट मृत्यूत आहे. जो प्रवासी वाघ न भेटल्याबद्दल हळहळतो तो नकळत तारूच्या दारात उभा असतो. बोटेझरी, जामणी यांसारखी गावे ज्या रानातून उठून बाहेर वसली, त्या रानाविषयी त्या माणसांच्या अपेक्षा काय होत्या आणि नव्या जागी त्यांतील कोणत्या फळल्या, कोणत्या फसल्या, हाही अपेक्षाभंगाच्याच इतिहासाचा भाग होय.

या पार्श्वभूमीवर तीन लेखकांचा विचार करावासा वाटतो. मारुती चितमपल्ली (१९३२-२०२५) यांनी वनखात्यातील दीर्घ सेवेत स्थानिक माणसांकडून पशुपक्ष्यांची आणि झाडांची नावे, समजुती, निरीक्षणे गोळा केली आणि ती मराठी गद्यात आणली. त्यांच्या लेखनात वाघाला मध्यवर्ती स्थान नाही. घरटे, हवा, फूल, पाऊलखूण यांना स्वतःचे नाव आहे, म्हणून स्वतःचे अस्तित्व आहे. ज्याच्यापाशी शंभर नावे आहेत त्याचा एका प्राण्याच्या न दिसण्याने अपेक्षाभंग होत नाही. अनन्वयाची वाट ती हीच. मात्र नावे सांगणारा आणि ती नोंदवणारा अधिकारी यांच्यातील अंतर हा त्यांच्या लेखनाचा विषय फारसा होत नाही, ही मर्यादाही नोंदवली पाहिजे.

ते अंतर विलास मनोहर यांच्या ‘एका नक्षलवाद्याचा जन्म’ (१९९२) या कादंबरीत केंद्रस्थानी येते. हेमलकशाच्या लोकबिरादरी प्रकल्पात राहून माडियांचे जीवन जवळून पाहिलेल्या या लेखकाने नजरेची दिशा उलटवली. बाहेरून येणारा माणूस येथे पाहणारा नसून पाहिला जाणारा आहे. ही कादंबरी प्रवासवर्णन नव्हे. परंतु या प्रदेशाच्या प्रवासवर्णनाने तिच्यापासून शिकावे असे बरेच आहे. मिलिंद बोकील यांच्या ‘गोष्ट मेंढा गावाची’ या पुस्तकाचा विषय तर रूढ अर्थाने पाहण्याजोगा नाहीच. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. तेथे ‘स्थळ’ पाहावयास जाणाऱ्यास एक छोटे गाव आणि त्याच्या बैठका एवढेच दिसेल. बोकील त्या बैठकांतच थांबतात. गाव सर्वसहमतीने निर्णय कसा घेते ते समजून घेतात. दृश्याची अपेक्षा सोडल्यावर काय हाती लागते, याचा हा वस्तुपाठ आहे.

५

अपेक्षाभंग हा प्रवासलेखनाचा दोष नव्हे. त्याचे टाळणे हा दोष आहे. एखाद्या प्रवासलेखाचे मूल्य ठरवताना तीन प्रश्न विचारता यावेत : लेखकाने आपल्यासोबत आणलेली संहिता उघड केली आहे का, स्थळाने तिला दिलेल्या नकारातून त्याची भाषा बदलली आहे का, आणि ज्यांच्यासाठी ते स्थळ हे स्थळ नसून घर आहे, त्यांच्या अपेक्षांना त्या भाषेत जागा मिळाली आहे का. पहिल्या प्रश्नास उतरणारे लेखन मराठीत गोडशांपासून आहे. दुसऱ्यास उतरणारे मोजके आहे. तिसऱ्या प्रश्नापाशी बहुसंख्य लेखन अद्याप पोहोचलेले नाही. वाघ न दिसलेल्या एका पहाटेवर, मोहाची टोपली सुखरूप घरी आली या आनंदासह, मराठीत एखादा लेख लिहिला जाईल तेव्हा ताडोबा या नावातील तारूला मराठी वाङ्मयात त्याचे स्थान मिळाले असे म्हणता येईल.