आपल्या भयकथेतला देवऋषी कुठून आला?

मराठी भयकथेला सध्या पुन्हा बरे दिवस आले आहेत. ऑडिओवर ती ऐकली जाते, पडद्यावर चालते, जत्रेतल्या पुस्तकांच्या स्टॉलवरही खपते. याचा मला आनंदच आहे. पण यातल्या कुठल्याही चार-पाच कथा सलग वाचा, मांत्रिक एकच भेटतो. तांबारलेले डोळे, वाढलेल्या जटा, गळ्यात कवट्या, हातात काळी बाहुली आणि शेवटच्या प्रकरणात भयंकर मरण. त्याला गाव नाही, बायको-पोरं नाहीत, गुरू नाही. लोक त्याच्याकडे का जातात आणि तो त्यांच्याकडून काय घेतो, हेही लेखकाला ठाऊक नसतं. 'मुंज्या' (२०२४) या चित्रपटात कोकणची हवा, समुद्र, पिंपळ सगळं जीव लावून उभं केलं आहे. भूत उतरवणारा मात्र हसवायला आणलेला पाहुणा आहे. त्या मातीतला जाणता माणूस दिग्दर्शकाला सुचलाच नाही, आणि इतकी वर्षं साचलेली माझी चीड तिथे बाहेर आली.

हा मांत्रिक आपल्या मातीत उगवलेला नाही. रायडर हॅगर्डच्या 'किंग सॉलोमन्स माइन्स'मध्ये (१८८५) गागूल नावाची सुरकुतलेली म्हातारी आहे. ती माणसं हुंगत फिरते आणि ज्याच्याकडे बोट दाखवेल त्याचा जीव जातो. गोऱ्या शिकाऱ्यांच्या साहसाला काळोख हवा होता, तो तिने पुरवला. तिच्या हाताखाली किती बाळंतपणं झाली असतील, कुणाचा ताप उतरला असेल, हे हॅगर्डला विचारावंसं वाटलं नाही. हेच पात्र पुढे शेकडो साहसकथांत फिरलं. इंद्रजाल कॉमिक्समधल्या वेताळाच्या जंगलातून ते आमच्या पिढीच्या डोक्यात बसलं. 'झपाटलेला' (१९९३) हा चित्रपट सगळ्यांचा लाडका आहे, माझ्याही. पण तात्या विंचूला मृत्युंजय मंत्र देणारा बाबा चमत्कार म्हणजे अमेरिकन चित्रपटातल्या वुडूवाल्याचं मराठी रूप, हे मान्य करायला हवं. वुडू हा पश्चिम आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्या माणसांचा धर्म. हॉलिवूडने त्याची सुई टोचलेली बाहुली केली आणि ती बाहुली आपण वाड्यात आणून ठेवली.

भयकथाकार नारायण धारपांच्या 'समर्थ' कथा वाचत मी मोठा झालो. मोठा कारागीर, वाद नाही. तरी त्यांच्या जगात तारणारा साधक आपल्यातला आणि मारणारी शक्ती कुठून तरी बाहेरची, ही वाटणी त्यांनी इतकी पक्की केली की पुढच्यांनी ती तपासलीच नाही. मतकरींची चेटकीण मुलांच्या नाटकातली आहे, तिच्याशी माझं भांडण नाही. बाकी 'अघोरी' शब्द मुखपृष्ठावर छापून निघणाऱ्या कादंबऱ्यांबद्दल बोलण्यासारखं काही नाही.

बोलायचं आहे ते दुसऱ्या वाटेबद्दल. चिनुआ अचेबेच्या 'थिंग्ज फॉल अपार्ट'मध्ये (१९५८) ओकाग्बुए नावाचा वैदू येतो. एझिन्मा या पोरीने आपला जीव ज्या खड्याशी बांधला आहे तो तिने कुठे पुरलाय, हे त्याला शोधायचं असतं. तो ओरडत नाही, अंगात आणत नाही. तिला शांतपणे विचारतो, ती नेईल तिकडे तिच्यामागून चालतो, सांगेल तिथे खणतो. बाप भडकतो, गाव जमतं, आणि हा माणूस घाम गाळत खड्ड्यात उभा. पुढे पोरीला ताप चढतो तेव्हा तिचा बापच रानातून पाला-साली आणतो, उकळतो आणि चटईखाली बसवून तिला वाफ देतो. मंत्र आणि काढा एकाच घरात नांदतात आणि अचेबे दोन्हींकडे सारख्याच गंभीरपणे पाहतो. नेडी ओकोराफोरच्या 'हू फिअर्स डेथ'मध्ये (२०१०) विद्या शिकायला आलेल्या मुलीला गुरू आरो हाकलून देतो, कारण ती मुलगी आहे. म्हणजे इथे विद्येला परंपरा आहे, परीक्षा आहे आणि अन्यायही आहे. ही फँटसीच आहे, थरारही भरपूर आहे. तो थरार खरा वाटतो, कारण जादू करणाऱ्याला पोट आहे, शेजारी आहेत, अहंकार आहे.

आपल्याकडेही ही वाट होती. खानोलकरांच्या 'कोंडुरा'वर श्याम बेनेगलांनी १९७८ मध्ये केलेला चित्रपट आठवा. परशुरामला सिद्धपुरुषाकडून मिळते ती एक मुळी, गर्भ पाडणारी. अट ब्रह्मचर्याची. एवढ्याशा मुळीवर गावाची सत्ता, बाईचं शरीर आणि एका साध्या माणसाची चढत गेलेली घमेंड उभी राहते. कवटी एकही नाही. अंगावर काटा येतो तो मुळी देणाऱ्या हातामुळे. ही वाट पुढे कुणी चाललं का? माझ्या वाचनात तरी नाही.

मी परळीत राहतो. समुद्रमंथनातलं अमृत आणि धन्वंतरी इथल्या लिंगात लपले, अशी आमच्या वैजनाथाची कथा. अशा गावात महाशिवरात्रीला पथाऱ्या लागतात आणि त्यांवर हिरडा, बेहडा, वेखंड, मुरुडशेंग, सागरगोटे आणि बिब्बे मांडलेले असतात. बिब्ब्याकडेच पाहा. सुईला टोचून दिव्यावर धरला की त्यातून काळं तेल ठिबकतं, ते भेगाळलेल्या टाचेत भरतात. जरा जास्त झालं किंवा अंगाला मानवलं नाही तर माणूस उततो, फोड येतात, मग खोबरं नाहीतर तीळ वाटून लावायचे. कुणाला किती, हे पथारीवरची बाई गिऱ्हाइकाची कातडी बघून ठरवते. याच बिब्ब्याने परीट कपड्यावर खूण करायचा. आणि हाच बिब्बा शनिवारी लिंबू-मिरचीसोबत दाराला लटकतो. औषध, विष, खूण आणि दृष्ट, चारही एका फळात. आमच्या भयकथाकाराला त्यातला दारावरचा बिब्बा तेवढा दिसतो.

लगेच कुणी म्हणेल, तुम्ही बुवाबाजीची वकिली करता. नाही. साप चावलेल्याला मंत्राने रोखून धरणारा माणूस जीव घेतो, आणि डॉ. दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३ मध्ये आलेल्या जादूटोणाविरोधी कायद्याने त्याला गुन्हेगार ठरवलं, हे योग्यच झालं. उलट माझा राग असा की या कथा अंधश्रद्धेशीही लढत नाहीत. मराठवाड्यातली भानामती घ्या. कपडे आपोआप पेटतात, अंगावर फुल्या उठतात, बाया भुंकतात. अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी अशी प्रकरणं उलगडली तेव्हा त्यांमागे बहुधा घरातलंच कुणीतरी गांजलेलं माणूस निघालं. यापेक्षा भेदक भयकथा कुठली? किंवा जालना जिल्ह्यातून निघून महाडला गेलेले डॉ. हिंमतराव बावस्कर. विंचूदंशाचा रोगी मांत्रिकाच्या हातून त्यांच्या खाटेवर यायचा. प्राझोसिनच्या उपचाराने त्यांनी मरण मागे हटवलं. एका रोग्याच्या दोन बाजूंना बसलेला डॉक्टर आणि मांत्रिक, हा प्रसंग अजून कुठल्या कादंबरीने पेलला?

आणि दुष्टपणाचा पत्ता नेहमी तोच का? पाड्यावरचा भगत, पालावरचा वैदू, गावकुसाबाहेरची म्हातारी. २०१२ मध्ये परळीचं नाव देशभर गाजलं ते स्त्रीभ्रूणहत्येमुळे. तिथे जटा नव्हत्या, सोनोग्राफीचं यंत्र होतं. आमच्याच जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांची गर्भाशयं काढली गेली, २०१९ मध्ये सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. ती कुण्या देवऋष्याने काढली नव्हती. भीती कुठे राहते हे ज्याला कळत नाही, त्याने भयकथा लिहू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता हे कुणी लिहायचं? ज्यांच्या घरात ही विद्या आणि तिचा कलंक दोन्ही आले, त्यांनी. 'उपरा' हे आत्मकथन १९८० मध्ये आलं, भटक्यांनी आपलं जगणं स्वतः सांगितलं. आता त्याच घरांतून फँटसी यायला हवी, जिची नायिका वैदूची पोर असेल आणि जिला मुळी ओळखता येते म्हणून गाव घाबरत असेल. प्रकाशकांनी असं हस्तलिखित मागून घ्यावं. संपादकांनी दिवाळी अंकाच्या गूढकथा विशेषांकात त्याला पहिली जागा द्यावी. तोवर जटावाल्या मांत्रिकाची कथा माझ्याकडे परीक्षणाला पाठवू नये, मी ती वाचणार नाही.