उद्यापन नसलेलं व्रत

डिसेंबरचा तिसरा आठवडा आला की आमच्यातले काही लोक एक ठरावीक मजकूर लिहायला बसतात. आमच्यातले म्हणजे नोकरीत प्रोग्रामिंग करून घरी आल्यावर पुन्हा हौसेनं वेबसाइटी आणि छोटी टूल्स बनवणारे. सरत्या वर्षी काय ठरवलं होतं, त्यातलं किती झालं, पुढच्या वर्षी काय करणार, आणि शेवटी हमखास एक परिच्छेद नव्या वस्तूंचा: कीबोर्ड, मॉनिटर, ई-इंकची वही. असा मजकूर मी पाच वर्षं वाचतोय आणि तीन वर्षं लिहितोय. यंदा बसलो, पण लिहवेना. म्हणून त्या लेखनप्रकाराबद्दलच लिहितो. कवितेची, कादंबरीची समीक्षा होते, तर संकल्पांच्या यादीची का होऊ नये? तिलाही निवेदक असतो, नायक असतो, तिचंही व्याकरण असतं.

नायक खरं तर दोन असतात. एक मागच्या वर्षीचा, थोडा आळशी, थोडा विखुरलेला. दुसरा पुढच्या वर्षीचा, पहाटे उठणारा, रस्ट शिकलेला, चोवीस पुस्तकं वाचून झालेला. भूतकाळ आकड्यांत लिहितात, भविष्यकाळ क्रियापदांत. वर्तमानकाळ फक्त खरेदीच्या परिच्छेदात येतो, कारण आत्ता, या क्षणी खरोखर घडलेली एकमेव गोष्ट म्हणजे पार्सल आलेलं आहे.

या प्रकाराचा एक मूळपुरुष शोधायचा तर मी जॉन रेसिगचं नाव घेईन. २००६ साली जेक्वेरी बनवणारा हा माणूस. त्यानं एप्रिल २०१४मध्ये रोज कोड लिहिण्याबद्दल एक लेख लिहिला. त्याची अडचण साधी होती. हौसेची कामं शनिवार-रविवारवर ढकलायची आणि शनिवार-रविवार दुसऱ्याच गोष्टींत जायचे. जेनिफर ड्यूऑल्ट या चित्रकला शिकलेल्या बाईनं २०१३मध्ये १८० दिवसांत १८० वेबसाइटी बनवून वेब प्रोग्रामिंग शिकून घेतलं होतं. ते पाहून रेसिगनं स्वतःला नियम घातले. रोज कोड लिहायचा, मध्यरात्रीच्या आत लिहायचा, तो उपयोगी असला पाहिजे, नुसती मांडणी सुधारलेली चालणार नाही, आणि तो सगळ्यांना उघडा ठेवायचा.

लेख आजही वाचण्यासारखा आहे. त्यात बढाई नाही. पुढे सरकल्याची भावना ही प्रत्यक्ष पुढे सरकण्याइतकीच महत्त्वाची आहे, असं तो प्रामाणिकपणे सांगतो, आणि ही सवय जगाला दाखवायला नाही, स्वतःसाठी आहे, हेही. घोटाळा झाला तो त्याच्यानंतर आलेल्या आम्हा वाचकांचा. आम्ही त्यातलं ‘रोज’ उचललं आणि ‘उपयोगी’ सोडून दिलं.

याला साथ मिळाली ती हिरव्या चौकटींची. गिटहबवर प्रत्येकाच्या पानावर वर्षाचा एक तक्ता असतो: आठवड्याचा एक उभा रकाना, दिवसाची एक चौकट. कोड चढवला की ती हिरवी होते, जास्त चढवला की गडद होते. २०१३ साली हा तक्ता आला तेव्हा त्याखाली सलग किती दिवस झाले याचा आकडाही असे. तो आकडा गिटहबनं मे २०१६मध्ये काढून टाकला, तक्ता ठेवला. त्या तक्त्यात काय मोजलं जातं हे आमच्या धंद्यातल्या कुणालाही ठाऊक आहे. कोडवरची तारीख मागची टाकता येते. अशा खोट्या तारखा टाकून लोकांनी त्या चौकटींमधून अक्षरं आणि चित्रं काढली आहेत. म्हणजे आम्ही ज्याच्यासमोर दिवस वाहतो तो देव मातीचा आहे हे आम्हालाच सगळ्यांत चांगलं माहीत आहे.

तरीही मी वाहिले. गिटहबनं काढून टाकलेला आकडा मोजायला मी स्वतः एक स्क्रिप्ट लिहिली होती. मे महिन्यात कराडला मामेबहिणीची हळद होती. १३१वा दिवस. रात्री पावणेबारा वाजता, खाली गाणी चालू असताना, मी लॅपटॉप घेऊन गच्चीवर रेंज शोधत होतो. एका जुन्या प्रकल्पाच्या माहितीपत्रकात एक स्वल्पविराम घातला आणि तो चढवला. चौकट हिरवी झाली. खाली येताना जिन्यात आजी हवा खात बसली होती. “ऑफिसचं काम का रे? लग्नघरातसुद्धा सोडत नाहीत मेले.” मी म्हणालो, “हो गं आजी.”

स्वल्पविरामाचं मला फार वाटलं नाही. आजीशी खोटं बोललो त्याचं वाटलं. खरं सांगायचं म्हटलं असतं तर काय सांगणार होतो, हेही मला कळेना. ऑफिसची सक्ती तिला समजली असती. ही सक्ती कुणाची होती?

गंमत म्हणजे माझ्या ओळखीत रोजच्या नेमाबद्दल सगळ्यांत जास्त कुणाला कळत असेल तर तिलाच. आजीनं सोळा सोमवार केलेत, चातुर्मासात दर वर्षी काही ना काही सोडलंय, धरलंय. मी तिला नंतर विचारलं, एखादा सोमवार चुकला तर? ती म्हणाली, तो मोजायचा नाही, शेवटी एक वाढवायचा. आणि सोळा झाले की? सतराव्या सोमवारी उद्यापन. चार माणसं जेवायला घालायची आणि मोकळं व्हायचं.

मला व्रतांचं गुणगान करायचं नाही. त्यांचा भार बहुतेक बायकांनीच वाहिला, आणि कहाण्यांत व्रत मोडणाऱ्यांचे काय हाल होतात तेही आपण ऐकलेलं आहे. पण रचना म्हणून पाहिलं तर व्रतात दोन गोष्टी आहेत ज्या माझ्या साखळीत नव्हत्या: चुकण्याची सोय आणि संपण्याचा दिवस. साखळीत एक दिवस चुकला की आकडा शून्य. आणि ती संपते केव्हा? तुटते तेव्हाच. म्हणजे जिचा शेवट फक्त अपयशानंच होऊ शकतो अशी गोष्ट मी १ जानेवारीला हौसेनं सुरू केली होती. सप्टेंबरमध्ये मला ताप आला, दोन दिवस लॅपटॉप उघडला नाही, साखळी तुटली आणि पुढचा महिनाभर मी एक ओळ लिहिली नाही. शून्य आणि एक यांत मला फरकच वाटेना.

कॅलेंडरवर रोज फुली मारायची आणि साखळी तोडायची नाही, ही युक्ती जेरी साइनफेल्ड या विनोदवीराच्या नावानं सांगितली जाते. २०१४ साली वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं देताना त्यानं हे श्रेय हसत नाकारलं. कल्पना आपली नाही म्हणाला. तरी ती त्याच्या नावानं अजून चालते. धर्माचं असंच असतं.

या प्रकाराचा आजचा प्रमाणग्रंथ म्हणजे जेम्स क्लिअरचं ‘अ‍ॅटॉमिक हॅबिट्स’ (२०१८). रोज एक टक्का सुधारा, वर्षअखेर सुमारे ३७ पट व्हाल. गणित बरोबर आहे. १.०१चा ३६५वा घात ३७.७८ येतो, मी करून पाहिलाय. पण चक्रवाढ व्याज मुद्दलावर लागतं, आणि माझं मुद्दल कोणतं? ३७ पट काय होणार? बासरी शिकणाऱ्याला कदाचित उत्तर देता येईल. प्रोग्रामरला अवघड आहे, कारण आमच्याकडे साठत जाणाऱ्या गोष्टीला कर्ज म्हणायची पद्धत आहे. वॉर्ड कनिंगहॅमनं १९९२ साली घाईघाईच्या कोडला कर्जाची उपमा दिली: आज उसनं घेता, पुढचा प्रत्येक बदल करताना व्याज भरता. रोज एक टक्का वाढ ही या हिशेबानं पुंजीही असेल, देणंही असेल. वर्षअखेरच्या यादीत दोन्ही एकाच रंगाचं दिसतं.

मोजण्याबद्दल आमच्याकडे एक जुनी गोष्ट आहे. १९८२च्या सुमारास अ‍ॅपलमध्ये लिसा संगणकाचं काम चालू होतं. दर आठवड्याला किती ओळी कोड लिहिला ते कागदावर भरून द्यायचं, असा व्यवस्थापकांनी नियम काढला. बिल अ‍ॅटकिन्सननं त्या आठवड्यात चित्रं काढणाऱ्या कोडचा एक भाग नव्यानं लिहून तो कितीतरी वेगवान केला होता, आणि तसं करताना दोन हजार ओळी कमी झाल्या होत्या. त्यानं कागदावर लिहिलं: उणे २०००. काही आठवड्यांनी त्याला तो कागद भरायला सांगणं बंद झालं. ही गोष्ट आम्ही एकमेकांना व्यवस्थापकांना हसण्यासाठी सांगतो. मग घरी येऊन तोच कागद स्वतःसाठी छापतो आणि भरतो.

आता वस्तूंचा परिच्छेद, कारण त्याशिवाय हा प्रकार पूर्ण होत नाही. गेल्या वर्षी मी मेकॅनिकल कीबोर्ड घेतला. निळ्या कळांचा घ्यावा तर टकटक शेजारच्या खोलीत जाते, लाल कळा अगदीच मऊ, म्हणून तपकिरी. हे ठरवायला दोन आठवडे लागले, आणि ते वर्षातले माझे सगळ्यांत एकाग्र दोन आठवडे होते. शिवाय एक रास्पबेरी पाय घेतला, घरचा सर्व्हर करायला. २०१२ साली केंब्रिजच्या एका धर्मादाय संस्थेनं शाळकरी मुलांनी प्रोग्रामिंग शिकावं म्हणून ३५ डॉलरला काढलेला हा संगणक. आज तो माझ्यासारख्या कितीतरी मोठ्या मुलांच्या ड्रॉवरमध्ये पडून आहे. माझा तर अजून खोक्यातच आहे. तो घेतला त्या पुढच्या वर्षीच्या नायकासाठी. त्याचे कपडे आधी शिवून ठेवले, तो आलाच नाही.

ऑलिव्हर बर्कमनच्या ‘फोर थाउजंड वीक्स’मध्ये (२०२१) यावर उतारा आहे. ऐंशी वर्षांच्या आयुष्यात आठवडे चारेक हजारच, सगळं कधीच होणार नाही, हे एकदा मान्य करा. पुस्तक मला आवडलं. मग मी ते वर्षात वाचलेल्या पुस्तकांच्या यादीत टाकलं आणि समोर बरोबरची खूण केली. या लेखनप्रकाराची पचनशक्ती अशी आहे.

पण याच धंद्यात, याच मोसमात उद्यापन असलेली एक गोष्टही आहे. एरिक वास्टल २०१५पासून दर डिसेंबरला ‘अ‍ॅडव्हेंट ऑफ कोड’ नावाची कोडी घालतो. पंचवीस दिवस, रोज एक कोडं, त्याचे दोन भाग, भागाला एक तारा. आपल्याकडे नवं कोडं सकाळी साडेदहाला उघडतं, नेमकं ऑफिसच्या रोजच्या मीटिंगच्या वेळी. २०२५मध्ये त्यानं पंचवीसचे बारा दिवस केले आणि जगभरातल्या पहिल्या शंभरांची यादीही बंद केली. काही जण हळहळले. मला तो निर्णय संपादकाचा वाटला. कोडी तीच मजा देतात, बाराव्या दिवशी संपतात, आणि माणूस मोकळा होतो.

आता माझ्या वर्षाचा हिशेब. ठरवलेल्या नऊ गोष्टींपैकी दोन झाल्या. न ठरवलेली एक झाली. आईची भिशी आहे, बारा जणी, महिना दोन हजार, चिठ्ठी निघेल तिला चोवीस हजार. कुणी पैसे दिले, कुणाची चिठ्ठी निघून गेली, यावरून दर महिन्याला फोनाफोनी व्हायची. फेब्रुवारीत मी तीन संध्याकाळी बसून तिला एक साधं पान करून दिलं. बारा नावं, बारा महिने, मागे एक गूगल शीट. आई खूण करते, सगळ्यांना मोबाइलवर दिसतं. त्यानंतर त्या पानात मी एकदाही हात घातला नाही, कारण गरजच पडली नाही. तक्त्यावर त्याच्या हिरव्या चौकटी तीन. माझ्या इतर सगळ्या चौकटींमागचा कोड वर्षभरात कुणी उघडून पाहिल्याचं मला आठवत नाही. हे पान बारा जणी दर महिन्याला उघडतात.

यंदाच्या मजकुरात मी ते लिहू शकलो नाही, कारण त्यासाठी तिथे रकानाच नाही. झालं, संपलं, चालू आहे, पुढे काही करायचं नाही: हे वाक्य त्या व्याकरणात बसत नाही.

डिसेंबरात बारावी चिठ्ठी निघाली आणि भिशी संपली. जानेवारीपासून नवी सुरू होतेय. आई म्हणाली, “या वेळी पंधरा जणी आहेत रे, तुझ्या त्या पानात मावतील का?” पाहिलं. बाराच्या जागी पंधरा करायचे आहेत आणि तीन नावं वाढवायची आहेत. रविवारी करतो म्हणालोय.