रोजचे ताट : 'रसचंद्रिके'च्या निमित्ताने

'सुरतनुं जमण ने काशीनुं मरण' ही गुजराती म्हण सर्वश्रुत आहे. जेवावे सुरतेत आणि मरावे काशीत. गेली अनेक वर्षे आम्ही या शहरात वकिली करीत आहोत, आणि म्हणीच्या पूर्वार्धाबद्दल आमची तक्रार नाही. हिवाळ्यात येथे पोंक येतो, घरोघर उंधियुं शिजते, आणि कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी, चांदनी पडव्याला, घारीसाठी दुकानांपुढे गर्दी लोटते. परंतु ही सारी सणाची आणि बाजाराची साक्ष झाली. एखाद्या घराची रुची ओळखायची असेल तर आठवड्यातल्या कोणत्याही साध्या दिवशी त्या घरात काय शिजते ते पाहावे, असे आमचे मत आहे. आणि पाकशास्त्राच्या पुस्तकाची परीक्षाही याच कसोटीवर व्हावी.

मराठीत अशा पुस्तकांची परंपरा लहान नाही. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे 'सूपशास्त्र' १८७५ सालचे. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे 'गृहिणी-मित्र' १९१० सालचे. त्याने हजार पाकक्रियांचा पसारा मांडला. १९४३ साली मुंबईच्या सारस्वत महिला समाजाने अंबाबाई संशी यांची 'रसचंद्रिका' प्रसिद्ध केली, आणि १९७० साली कमलाबाई ओगले यांची 'रुचिरा' आली. यांपैकी शेवटची दोन पुस्तके आमच्या सुरतेच्या घरात आहेत. 'रसचंद्रिका' आमच्या मातोश्रींची, कारवारहून आलेली, हळदीच्या डागांनी पिवळी झालेली. 'रुचिरा' आमच्या सौभाग्यवतींची.

'रसचंद्रिके'चा मोठा गुण असा की तिने रोजच्या जेवणाला कमी लेखले नाही. तांबळी, सारू, आंबट, घश्शी ही नावे तेथे मानाने नांदतात. पुस्तक मराठीत आणि ताट कोंकणी, हा संसार तिने निष्ठेने सांभाळला आहे. आपल्या समाजाने लिहिण्यासाठी मराठी आणि बोलण्यासाठी कोंकणी अशी जी वाटणी पिढ्यान्पिढ्या केली, तिचा असा सुबोध दस्तऐवज आम्हांस दुसरा आढळला नाही.

दोषही सांगितला पाहिजे. तिची लेखनशैली आटोपशीर आहे. इतकी की पुष्कळदा वाचणारीला निम्मे आधीच ठाऊक आहे, असे धरून लेखिका चालतात. शेजारी आई किंवा सासू उभी असेल आणि 'अंदाजान घाल' म्हणेल, हे त्यात गृहीत आहे. १९४३ साली ते गैर नव्हते. पण सुरतेत नव्याने संसार मांडणाऱ्या मुलीच्या शेजारी कोण उभे असणार? येथे 'रुचिरा' उपयोगी पडते. वाटी आणि चमचा ही घरातलीच मापे हाती देऊन कमलाबाईंनी सासूची अनुपस्थिती भरून काढली. पहिले पुस्तक रूढीसारखे आहे, दुसरे कायद्याच्या कलमासारखे. रूढी जाणत्यालाच उमगते. कलम परक्यालाही वाचता येते.

येथे वकिलीतला एक दृष्टान्त द्यावासा वाटतो. संहितीकरणापूर्वीच्या हिंदू कायद्यात असा दंडक होता की कुटुंब एका प्रांतातून दुसऱ्या प्रांतात गेले तर ते आपला मूळचा कायदा बरोबर घेऊन गेले, असे न्यायालयाने मानावे. तसे नाही म्हणणाऱ्याने पुरावा आणावा. स्वयंपाकघराच्या बाबतीत असे अनुमान कोणी करीत नाही. तेथे पुरावा आपणच द्यावा लागतो, आणि तोही रोज. नारळ येथे परसात पडत नाही. त्रिफळे गावाहून येणाऱ्याच्या पिशवीतून यावी लागतात. मुले शाळेत गुजराती ऐकतात. 'तोय' म्हणजे काय, हे त्यांना पुस्तक शिकवणार नाही. रात्रीचा वरणाचा वाडगाच शिकवील. तो वाडगा थांबला की शब्दही थांबेल.

आता ज्या उणिवेसाठी हा लेख लिहीत आहोत तिच्याकडे वळतो. दोन्ही पुस्तके पदार्थ कसा करावा हे सांगतात. तो करणारीने कधी जेवावे, हे आमच्या वाचनात कोठे आले नाही. हा आरोप लेखिकांवर ठेवणे अन्यायाचे होईल. तो आमच्यासारख्या यजमानांवर आहे, आणि तो आम्ही कबूल करतो.

मित्रांना जेवायला बोलवायचे म्हणजे अकरा पदार्थ, हा आमचा परिपाठ होता. देवळातल्या संतर्पणाचा थाट आम्ही घरी आणू पाहत होतो. मात्र तेथे वाढायला दहा हात असतात, हे विसरत होतो. अशाच एका दुपारी एका सुरती वकील मित्रांची पत्नी पाणी मागण्यासाठी आत गेली, आणि आमच्या सौभाग्यवती ओट्याशी उभ्याने थंड भात खाताना तिला दिसल्या. बाहेर येऊन तिने आम्हांस एवढेच विचारले, "भाई, भाभींचे पान कोणते?" आमच्याजवळ उत्तर नव्हते. पाहुण्यांना काय आवडते याची यादी आम्हांस तोंडपाठ होती. घरच्या अन्नपूर्णेला काय आवडते, हे त्या दिवशी आम्हांस सांगता आले नसते.

तेव्हापासून आम्ही मित्रांना रोजच्याच जेवणाला बोलावतो. भात, दाळी तोय, सोलकढी, आणि हिवाळा असेल तर सुरती पापडीची उपकरी. पापडी तापीकाठची, फोडणी कारवारची. हे लग्न चांगले जमले आहे. चार पदार्थ एकदम पाटावर येतात, ज्याचे त्याने वाढून घ्यायचे, आणि सौभाग्यवती सर्वांबरोबर बसतात. मित्रही आता तसेच बोलावतात. वकील मित्रांकडे तुरीचीच डाळ, पण गूळ, कोकम आणि सुरणाच्या फोडी घातलेली. उधना भागात राहणाऱ्या एका खानदेशी शिक्षकांकडे कळण्याची भाकरी, वांग्याचे भरीत आणि ठेचा. एकाच तुरीच्या डाळीची दोन घरांतली दोन रूपे शेजारी ठेवून चाखली, तेव्हा आमच्या हिंगाच्या पातळ तोयाची सात्त्विकता आम्हांस प्रथमच नीट कळली. आमच्या मुलाने त्यांना 'तोय' हा शब्द शिकवला. आता वकील मित्र तो बिनचूक उच्चारून दुसरी वाटी मागतात.

हे लहानसे वाटेल, पण लहान नाही. आपल्या आजोबांच्या काळी हे तिघे एका पंक्तीस बसले नसते, आणि करणारी तर कोणत्याच पंक्तीत नव्हती. आपल्या समाजाने चव जतन केली, तिचे पुस्तक केले, हे भूषणच होय. पंक्तीची दुरुस्ती मात्र पुस्तकाने होत नाही. ती यजमानाने करावयाची असते.

म्हणून आमचा अभिप्राय असा. 'रसचंद्रिका' घरात असावी, कारण तिच्यात आपली भाषा शिजली आहे. 'रुचिरा'ही असावी, कारण तिने शिकणारीला एकटे पाडले नाही. आणि या दोन्ही पुस्तकांच्या शेवटच्या कोऱ्या पानावर घरातल्या स्वयंपाक करणारीच्या आवडीचा पदार्थ, तिला विचारून, यजमानाने स्वहस्ते लिहावा. आमच्या प्रतीत तो लिहिला आहे : मुगाची तांबडी घश्शी, आणि तीही दुसऱ्या कोणी केलेली. हा शेवटचा अर्धा भाग त्यांनी मुद्दाम लिहावयास सांगितला. गेल्या रविवारी आम्ही ती करून पाहिली. मीठ थोडे अधिक झाले. पान मात्र त्यांचे पहिले होते.