निळ्या फलकांची साक्ष

अमेरिकेतील मिसिसिपी राज्यात रस्त्याच्या कडेला निळे स्मृतिफलक उभे आहेत. कृष्णवर्णीय शेतमजुरांच्या दुःखातून जन्मलेल्या ‘ब्लूज’ गायनाचा वारसा ते सांगतात. पहिला फलक २००६ साली हॉली रिज येथे, गायक चार्ली पॅटनच्या दफनस्थळी लागला. आज त्यांची संख्या २०० हून अधिक आहे.

दर्शनी बाजूस मोजकी ओळख आणि मागे छायाचित्रांसह विस्तृत मजकूर, अशी नेटकी मांडणी आहे. त्याहून मोलाची वाटते ती स्थळांची निवड. कापसाचा डॉकरी मळा, पार्चमनचा तुरुंग आणि क्लार्क्सडेलचे रिव्हरसाइड हॉटेल यांनाही येथे स्थान मिळाले. हे हॉटेल पूर्वी कृष्णवर्णीयांचे रुग्णालय होते. अपघातात जखमी झालेली गायिका बेसी स्मिथ १९३७ साली तेथेच निवर्तली. गाण्याचा गौरव करताना त्यामागील वेदनेचा पत्ताही संयोजकांनी लपविलेला नाही.

तरीही एक उणीव खटकते. नाव राहते ते प्रामुख्याने गायकाचे. पार्चमनच्या शेतात कुदळीच्या तालावर एकसुरात गाणारे असंख्य कैदी मात्र निनावीच राहिले. फलक वाचून झाल्यावर प्रवाशाने क्षणभर पलीकडच्या शेताकडेही पाहावे. त्यांचे ऋण तेथे आहे.